वरून चकाचक, आतून...?

सेकंड हँड : दर आठवड्याला एक जुनी वस्तू, आणि ती घेण्याआधी विचारायचे चार प्रश्न

जुनी बाइक घ्यायची असली की आपण काय करतो? किक मारतो, सायलेन्सरमधून येणाऱ्या धुराचा रंग बघतो, ओळखीच्या मेकॅनिकला चहा पाजून सोबत नेतो. वापरलेला मोबाइल घेताना बॅटरी हेल्थ बघतो. रीसेलचा फ्लॅट असेल तर बाथरूमच्या मागच्या भिंतीला हात लावून ओल चाचपतो. थोडक्यात काय, सेकंड हँड वस्तूचा चेहरा नाही, पोट बघायचं. या कॉलमचा पहिला नियमच आहे तो.

आजची वस्तू मात्र जरा हटके आहे. जुनी दुनळी बंदूक. थांबा थांबा, पान उलटू नका! 'आमचा काय संबंध?' असं वाटत असेल तर गावच्या घरातले जुने फोटो आठवा. ओसरीवर खुर्ची, खुर्चीत आजोबा किंवा पणजोबा, डोक्याला पटका आणि मांडीवर आडवी ठेवलेली दुनळी. कोकणात, घाटमाथ्यावर, विदर्भात अशी घरं काही कमी नाहीत. आजोबा गेले की फोटोतली ती बंदूक थेट आपल्या पिढीच्या दारात येते. कारण काकांना बीपी, बाबांना कटकट नको, आणि चुलतभाऊ न्यू जर्सीत. मग क्यूबिकलमध्ये बसलेल्या नातवाला फोन येतो, "अरे, त्या बंदुकीचं काय करायचं?"

माझ्या एका मित्राला असाच फोन आला. (नाव नको. परवान्याचा मामला आहे!) हिंजवडीत नोकरी, आठवडाभर क्लायंट कॉल, वीकेंडला ट्रेक. आजोबा गेल्यावर त्यांची दुनळी कायद्याप्रमाणे परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केलेली होती. बाकीच्या वारसांच्या ना-हरकती, अर्ज, पोलिस चौकशी असे सगळे सोपस्कार करून याने परवाना मिळवला. बंदूक आणायला गेला, तर विक्रेत्याने चक्क एक्स्चेंज ऑफर टाकली! "तुमची ही देशी, ऑर्डनन्स फॅक्टरीची. द्या सोडून. वर थोडे पैसे घाला आणि ही विलायती घ्या. नळ्या बघा साहेब, आरसा!"

वरचे 'थोडे पैसे' म्हणजे एक बरी बाइक आली असती. गडी पुरता गोंधळला आणि त्याने मला फोन केला. दर आठवड्याला जुन्या वस्तूंवर लिहितो म्हणजे याला सगळं कळत असणार, हा लोकांचा गोड गैरसमज. मला एवढंच कळतं, की कुणाला विचारायचं. आम्ही चाचांना गाठलं. चाचांनी उभी हयात बंदुका दुरुस्त करण्यात घालवली आहे. आता धंदा मुलगा बघतो, पण नजर अजून चाचांचीच. एका शनिवारी दुपारी विक्रेत्याच्या दुकानात, त्याच्या देखत, चाचांनी दोन्ही बंदुका आम्हाला 'वाचून' दाखवल्या. आजचा कॉलम म्हणजे त्या दोन तासांचा क्लास समजा.

आधी कागद, मग नळी

चाचांनी बंदुकीला हात लावण्याआधी परवाना मागितला. मग बंदुकीवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर जुळवून पाहिला. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार बनवणाऱ्याचं नाव, नंबर किंवा ओळखचिन्ह नसलेली बंदूक विकताही येत नाही आणि कुणाच्या नावावरही करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात. आधी ही मर्यादा तीन होती. वारशाने आलेली बंदूकही या दोनातच धरली जाते. म्हणजे चुकीची बंदूक घेतलीत तर पैसे तर जातातच, वर दोनातली एक जागाही अडून बसते.

आता कुणी म्हणेल, शिकार तर बंद आहे, मग हा खटाटोप कशाला? बरोबर आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि १९९१च्या दुरुस्तीनंतर हौसेची शिकार पूर्ण संपली. पण घरातली आठवण म्हणून, किंवा मातीच्या तबकड्या उडवण्याच्या खेळासाठी लोक दुनळी ठेवतात. २००४मध्ये अथेन्सला राज्यवर्धनसिंग राठोडने डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक आणलं तेव्हा हा खेळ घराघरात पोचला होता, आठवतंय? (अर्थात, त्या खेळाडूंच्या बंदुका वेगळ्या. एकावर एक नळी असलेल्या. आपली दुनळी म्हणजे शेजारी शेजारी नळ्या.)

आणि विलायती बंदुकीचा भाव एवढा चढा का? तर १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसासाठी परदेशी बंदुकीची आयात जवळपास बंदच झाली. जुन्या आहेत त्याच हात बदलत राहतात. माल कमी, हौस जास्त. म्हणजे रंगरंगोटी आलीच!

नळीच का?

दस्ता तुटला तर नवा बसतो. चाप बिघडला तर दुरुस्त होतो. पण बंदुकीचा जीव नळीत. १२ बोअरच्या नेहमीच्या काडतुसाला युरोपातल्या नियमांनी घालून दिलेली दाबाची कमाल मर्यादा आहे ७४० बार. कारच्या टायरमध्ये हवा असते साधारण सव्वादोन बार. म्हणजे टायरच्या तीनशेपटीहून जास्त दाब, आणि तोही डोळ्याचं पातं लवायच्या आत!

हा दाब सर्वांत जास्त असतो तो काडतूस बसतं तिथे, म्हणजे चेंबरमध्ये आणि त्याच्या लगेच पुढे. तिथे नळीची भिंत चांगली जाड असते. पुढे दाब उतरतो, तशी भिंतही पातळ होत जाते. आणि दुनळी धरताना तुमचा डावा हात कुठे असतो? नळ्यांच्या खाली, बरोबर मधल्या भागात. नळी फाटली तर पहिला मान त्या हाताचा. चाचांच्या ओळखीत एका हाताला दोन बोटं कमी आहेत. त्याबद्दल ते जास्त बोलले नाहीत. आम्हीही विचारलं नाही.

'१२ बोअर' म्हणजे काय, हा मित्राचा पहिला प्रश्न होता. सोपं आहे. एक पौंड शिशाच्या १२ सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती १२ बोअर. आतला व्यास ०.७२९ इंच, म्हणजे साधारण साडेअठरा मिलिमीटर. २० बोअर म्हणजे पौंडाच्या २० गोळ्या, म्हणून ती नळी लहान. ऑफिसच्या क्विझमध्ये विचारायला हरकत नाही!

मीठ, पाऊस आणि गंज

नळी आतून खराब होते ती बार उडवल्याने कमी आणि बार उडवून तशीच ठेवून दिल्याने जास्त. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार झाला की मागे एक क्षार उरतो, आपल्या मिठाचाच भाऊबंद. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं की नाही? तसंच हा क्षार हवेतलं पाणी ओढून घेतो आणि नळीच्या अंगाला लावून ठेवतो. जुन्या काळ्या दारूची राखही अशीच ओल धरते. मग गंज, आणि गंजातून खड्डे. इंग्रजीत यालाच पिटिंग म्हणतात. बंदुकीच्या बाजारातही हाच शब्द चालतो.

गंमत म्हणजे हा क्षार तेलाने जात नाही. पाण्यात मात्र विरघळतो. म्हणून जुनी जाणती माणसं बार झाल्यावर नळ्या सोडवून त्यात कढत पाणी ओतायची, कोरड्या करायची आणि मग तेलाचा बोळा फिरवायची. "तेल लावणारे खूप," चाचा म्हणाले, "धुणारे कमी. धुतलेली नळी साठ वर्षांनीसुद्धा ओळखू येते, बेटा."

मग जमा करण्याचा भाग येतो. परवानाधारक गेला की बंदूक पोलिस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे. निवडणुका आल्या की बऱ्याच जणांना बंदूक जमा करावी लागते. लाकडी कपाट, बंद खोली, चार-चार पावसाळे. बाहेरून कुणी फडकं मारेलही, पण आत बघणार कोण?

ट्यूबलाइट टेस्ट

चाचांनी आधी बंदूक उघडून दोन्ही चेंबर रिकामे आहेत ते बोट घालून तपासलं. 'रिकामीच आहे' असं समोरच्याने सांगितलं तरी हे करायचंच. मग नळ्या सोडवून वेगळ्या केल्या आणि पहिली मागणी केली, कोरड्या फडक्याची.

हा मुद्दा लाल पेनने अधोरेखित करा. नळीत दाट तेल किंवा ग्रीस असलं की ते खड्ड्यांत बसतं आणि सगळं गुळगुळीत, चमकदार दिसतं. उलटही होतं. शिशाचे ओरखडे आणि काडतुसातल्या प्लॅस्टिकचे पट्टे नळीत चिकटून राहतात, ते खड्ड्यांसारखे दिसतात आणि चांगली बंदूक उगाच बदनाम होते. म्हणून आधी तारेचा ब्रश, मग कोरडं फडकं, आणि मगच नजर. "नळी खोटं बोलत नाही," चाचांचा डायलॉग, "तिच्यावरचं तेल बोलतं."

मग नळी ट्यूबलाइटकडे करून आरपार बघायचं. (सूर्याकडे चुकूनही नाही, डोळे जातील.) चांगल्या नळीत प्रकाशाची एकात एक गोल वर्तुळं दिसतात, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी. नळी हळूहळू फिरवायची. वर्तुळं न तुटता फिरत राहिली तर उत्तम. एका बाजूला चंद्रकोरीसारखी सावली दिसली तर तिथे बाहेरून पोचा आलाय. अख्खं काळं कडं दिसलं तर तिथे नळी फुगलीय. आणि बारीक काळे ठिपके, खसखस सांडल्यासारखे, म्हणजे खड्डे. हे सगळं दोन्ही टोकांकडून बघायचं, कारण मागून बघताना तोंडाजवळचं नीट दिसत नाही आणि पुढून बघताना मागचं.

यातलं कुठलं किती वाईट? चाचांचा हिशोब असा :

पोचा : बहुतेक वेळा चांगला कारागीर आतून ठोकून तो वर आणतो. घाबरू नका, पण त्याचा खर्च किमतीतून वजा करा.

फुगवटा : नळीत काहीतरी अडकलेलं असताना बार झाला, याची ही खूण. माती, फडक्याचा बोळा, काहीही. सर्वांत भयंकर प्रकार म्हणजे २० बोअरचं काडतूस चुकून १२ बोअरमध्ये टाकणं. ते घसरून पुढे जाऊन अडकतं, मागे १२चं काडतूस आरामात बसतं, आणि मग काय होतं ते सांगायला नको. या एका कारणासाठी २० बोअरची काडतुसं पिवळ्या रंगाची करायची पद्धत पडली. फुगलेली नळी सहसा सोडून द्यावी.

खड्डे : कुठे आहेत आणि किती खोल, यावर सगळं अवलंबून. तोंडाजवळ वरवरची खसखस असेल तर एक वेळ चालेल, तिथे दाब कमी असतो. पण तिथे भिंतही पातळ असते, म्हणून मापायचं. चेंबरच्या लगेच पुढे खोल खड्डे असतील तर विषय संपला.

हल्ली फोनला जोडायचा बारीक एंडोस्कोप कॅमेरा ऑनलाइन मिळतो. मित्राने तो आणलाच होता, आयटीवाला शेवटी! चाचांनी कौतुकाने पाहिला आणि म्हणाले, "चांगला आहे. पण हा प्रत्येक ठिपका विहिरीएवढा दाखवतो. आधी डोळ्याने बघा, शंका आली की हा घाला."

आरसा कसा तयार होतो?

आता विलायती. खरंच देखणी होती. दस्त्याचं अक्रोडाचं लाकूड, बाजूच्या पट्ट्यांवर नाजूक नक्षी, आणि नळ्या आतून अक्षरशः आरसा. एकही ठिपका नाही. मित्राचे डोळे लकाकले. चाचांचा चेहरा मात्र हलला नाही. त्यांनी नळ्या उलट्या केल्या आणि मागच्या टोकाला, खालच्या सपाट भागावर भिंग धरलं. तिथे बारीक शिक्के होते.

ब्रिटिश बंदुकीची ती मार्कशीट समजा. तिथे प्रत्येक बंदूक जास्त दाबाचे बार काढून सरकारमान्य संस्थेत तपासली जाते. याला प्रूफ म्हणतात. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला सनद मिळाली १६३७मध्ये आणि बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस आलं १८१३मध्ये. पास झालेल्या नळीवर शिक्का आणि त्या वेळचा आतला व्यास छापतात. १९५४च्या आधी तो '१२', '१३' असा बोअरमध्ये छापत, नंतर इंचाच्या हजाराव्या भागांत. चेंबरच्या बाजूने ९ इंच आत मापलं आणि छापलेल्या मापापेक्षा व्यास इंचाच्या १० हजारांश भागांनी वाढलेला निघाला, तर तिथल्या नियमाने ती बंदूक 'प्रूफबाहेर'. ब्रिटनमध्ये अशी बंदूक विकणं गुन्हा आहे.

आमच्या विलायतीवर छाप होता १२चा. म्हणजे ०.७२९ इंच. चाचांचं माप आलं ०.७४५. सोळा हजारांश जास्त!

कळलं ना? पोलाद आतून झिजून एवढं गुळगुळीत होत नसतं. नळीत कधीकाळी खड्डे होते. कुणीतरी आतून घासघासून, पॉलिश करून ते काढले. खड्डे गेले, पण खड्ड्यांच्या आजूबाजूचं पोलादही गेलं. फ्लॅट विकण्याआधी ओलीच्या भिंतीला पुट्टी मारतात तसं. फरक एवढाच, की पुट्टीने भिंत जाड होते आणि पॉलिशने नळी पातळ.

मग चाचांनी पिशवीतून भिंतीची जाडी मापायचं आपलं हत्यार काढलं. दोन लांब काड्या, एक नळीच्या आत जाणारी, एक बाहेरून टेकणारी, आणि टोकाला डायल. नळी फिरवत, पुढे सरकवत त्यांनी सगळीकडे माप घेतलं. जाणकार मंडळी १२ बोअरला कमीत कमी २० हजारांश इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर भिंत असावी असं मानतात. अर्धा मिलिमीटर म्हणजे किती? तुमच्या खिशातलं एटीएम कार्ड पाऊण मिलिमीटर असतं. म्हणजे चांगली म्हणवणारी नळीसुद्धा एखाद्या ठिकाणी एटीएम कार्डापेक्षा पातळ असू शकते! विलायतीची उजवी नळी एका जागी निघाली १४ हजारांश. झेरॉक्सचे साडेतीन कागद.

विक्रेता म्हणाला, "आम्हाला आली तशी आम्ही ठेवली." असेलही. बंदुकीने चार हात पाहिले, त्यातल्या कुठल्या हाताने पॉलिश केलं कोण सांगणार? म्हणून तर स्वतः मापायचं.

आणखी एक बाब. त्या बंदुकीचं चेंबर होतं अडीच इंचाचं, म्हणजे ६५ मिलिमीटर. जुन्या विलायती दुनळ्यांत हे नेहमीचं. हल्लीची काडतुसं मात्र बहुतेक ७० मिलिमीटरची. गंमत बघा, ७०चं काडतूस ६५च्या चेंबरमध्ये आरामात बसतं! कारण डब्यावर लिहिलेली लांबी असते बार झाल्यावर, दुमडलेलं तोंड उघडल्यानंतरची. उघडायला जागा नाही मिळाली की ते तोंड पुढच्या अरुंद भागात घुसतं आणि दाब वाढतो. पातळ नळी आणि लांब काडतूस, डेडली कॉम्बिनेशन. 'बसतंय ना, मग चालतंय' हा फंडा इथे चालत नाही.

माठासारखी टिचकी

माठ घेताना आपण काय करतो? टिचकी मारतो. नळ्यांचंही तेच. खालच्या आकड्यात बोट अडकवून नळ्या लोंबत्या धरायच्या आणि बोटाच्या पेराने ठोकायचं. घंटेसारखा स्वच्छ, लांब नाद आला तर दोन नळ्यांना जोडणारी पट्टी पक्की. बद्द किंवा खरखरीत आवाज आला तर डाख सुटलाय. सुटलेल्या पट्टीखाली पाणी शिरतं आणि नळी बाहेरूनही गंजते, कुणाला न दिसता.

शिवाय नळ्यांची तोंडं बघा. मुळात दोन्ही नळ्या टोकाशी एकमेकींना टेकलेल्या असतात. मध्ये फट आहे आणि ती भरून काढलीय असं दिसलं तर नळ्या कापून आखूड केल्या असण्याची दाट शक्यता. आपल्याकडे परवान्याशिवाय नळी आखूड करणं हा गुन्हा आहे. तो कुणीही केलेला असो, ती बंदूक आपल्या नावावर का घ्या?

आणि नळीवर सापाच्या कातेसारखी किंवा लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसली तर ती दमास्कस असू शकते. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली जुनी नळी. दिसायला खल्लास! पण जोडांच्या आत गंज धरला असेल तर बाहेरून कळत नाही, आणि यातल्या बऱ्याच नळ्यांची चाचणी फक्त काळ्या दारूवर झालेली असते. भिंतीवर शोभेल, हातात नको.

'एकच नळी वापरू की!'

राहिली आजोबांची. बाहेरून रंग उडालेली, दस्त्यावर ओरखडे. चाचांनी टिचकी मारली, नाद सुरेख. उजवी नळी पाहिली, तोंडाजवळ थोडी खसखस. भिंतीची जाडी भरपूर. मित्राचा चेहरा खुलला. मग डावी. चेंबर संपतं त्याच्या दोन बोटं पुढे, खालच्या अंगाला, खड्ड्यांचा एक पट्टा. एंडोस्कोप घातला तर कडा तुटक्या, तळ काळा. चाचांनी बराच वेळ पाहिलं आणि नळ्या खाली ठेवल्या. "ही वाजवायची नाही."

"उजवी तर चांगली आहे ना? तीच वापरू की!" मित्र म्हणाला. हा प्रश्न सगळेच विचारतात म्हणे. उत्तर सोपं आहे. घाईत, सवयीने, किंवा दुसऱ्या कुणाच्या हातून मागचा चाप ओढला जाणारच. 'डावी वापरू नका' ही गोष्ट आज तुम्हाला माहीत आहे. वीस वर्षांनी बंदूक ज्याच्या हातात असेल त्याला ती कोण सांगणार? आणि घासून खड्डे काढावेत, तर मग तीही 'आरसा' होणार. तेही अशा जागी, जिथे दाब सर्वांत जास्त.

खरी अडचण दुकानात नव्हतीच, घरी होती. मित्राच्या बाबांची एकच इच्छा होती, अण्णांची बंदूक घरी आली की एकदा तरी रेंजवर नेऊन वाजवायची. "आमच्या अण्णांच्या बंदुकीला काय धाड भरलीय?" काका फोनवर चिडले. "पन्नास वर्षं काही झालं नाही, आता होणार होय?" मित्राने वाद घातला नाही. पुढच्या शनिवारी त्यांना दुकानातच घेऊन आला. चाचांनी नळ्या काकांच्या हातात दिल्या आणि ट्यूबलाइटखाली उभं केलं.

काकांनी आधी उजवी पाहिली. मग डावी. खूप वेळ पाहिली. नळ्या परत देताना म्हणाले, "हिला शेवटी कुणी धुतलंच नाही रे." मग थोड्या वेळाने, "अण्णा आजारी होते तेव्हा." एवढंच.

पन्नास वर्षं काही झालं नाही, हे खरंच. पण ती वर्षं चांगल्या नळीची होती. पोलाद म्हातारं होतंच, आणि ते कण्हत नाही. एके दिवशी थेट सुटतं.

शेवटी काय झालं? विलायती तिथेच राहिली. आजोबांची मित्राने आपल्या परवान्यावर घेतली, न वाजवण्यासाठी. चाचांनी ती धुऊन, पुसून, तेल लावून दिली आणि दोन्ही नळ्यांचं माप कागदावर लिहून दिलं. तो कागद आता परवान्यासोबत फाइलमध्ये आहे, ठळक अक्षरात 'वाजवू नये' असं लिहून. वीस वर्षांनंतरच्या त्या माणसासाठी.

खिशात ठेवा : झटपट चेकलिस्ट

१. परवाना नसेल तर बंदूक बघायच्याही भानगडीत पडू नका. असेल तर नंबर आधी जुळवा, व्यवहार फक्त परवानाधारक विक्रेत्यामार्फत किंवा रीतसर परवानगीने.

२. प्रत्येक वेळी स्वतः उघडून दोन्ही चेंबर रिकामे असल्याची खात्री करा. दहाव्या वेळीसुद्धा.

३. नळी कोरडी पुसूनच बघा. तेल लावलेली नळी म्हणजे मेकअप केलेला प्रोफाइल फोटो!

४. ट्यूबलाइटकडे धरून दोन्ही टोकांनी बघा. चंद्रकोर म्हणजे पोचा, कडं म्हणजे फुगवटा, खसखस म्हणजे खड्डे.

५. फार चकाकत असेल तर जास्त संशय घ्या. आतला व्यास आणि भिंतीची जाडी कारागिराकडून मापून घ्या. अर्ध्या मिलिमीटरच्या खाली असेल तर नमस्कार करा आणि निघा.

६. चेंबरची लांबी विचारा आणि काडतुसाच्या डब्यावरची लांबी वाचा.

७. टिचकी मारा, नाद ऐका.

८. कारागिराची फी द्या. बाइकच्या किमतीची वस्तू घेताना मापाचे पैसे वाचवण्यात काही शहाणपणा नाही.

आणि हो, घरात जुनी दुनळी असेल, परवाना चालू असेल, तर पावसाळा सुरू व्हायच्या आत एकदा आत डोकावून बघा. आजोबांनी जपली म्हणून ती आपल्यापर्यंत आली. आता पाळी आपली.

पुढच्या आठवड्यात एकदम निरुपद्रवी वस्तू : जुनी शिलाई मशीन. तोपर्यंत, चकाकतं ते सगळं चांगलं नसतं, लक्षात ठेवा!